कार्ल याकोबसेन

कार्ल क्रिस्चियन हिल्मन याकोबसेन (२ मार्च १८४२, कोपनहेगन - ११ जानेवारी १९१४) हे डॅनिश बिअर उत्पादक, कलासंग्राहक आणि दाते होते. न्यू कार्ल्सबर्ग हा बिअरचा कारखाना व न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक हे शिल्पसंग्रहालय यांचे ते संस्थापक होत. कोपनहेगनच्या बंदरातील जगप्रसिद्ध जलपरीचा पुतळा त्यांनीच करवून घेतला व शहराला भेट दिला. कार्ल्सबर्ग या नावातील पूर्वार्ध त्यांच्याच नावावरून आलेला आहे. कारखान्याला मुलाचे नाव देणारे वडील आणि पुढे त्याच नावासाठी वडिलांशी भांडलेला मुलगा, असा हा विलक्षण योग आहे.

कोपनहेगनच्या उद्यानांत, चौकांत आणि बंदराच्या काठावर आज जी शिल्पे दिसतात, त्यांतील बऱ्याच शिल्पांमागे याकोबसेन यांचा पैसा आणि त्याहून अधिक त्यांचा हट्ट आहे. हा हट्ट शहराने काही वेळा आनंदाने, काही वेळा कुरकुरत मान्य केला आणि निदान एकदा ठामपणे नाकारला.

पार्श्वभूमी

याकोबसेन यांचा जन्म झाला तेव्हा कोपनहेगन तटबंदीच्या आत कोंडलेले शहर होते. १८५० साली शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३० हजार होती आणि हे सारे लोक सतराव्या शतकात आखलेल्या तटांच्या आत, अरुंद गल्ल्यांत आणि एकामागे एक असलेल्या चौकांच्या इमारतींत राहत असत. पिण्याचे पाणी वाईट होते. त्यामुळे कमी मद्यांश असलेली, गोडसर, पांढरी बिअर हे घराघरांतील रोजचे पेय होते. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वजण ती पीत. शहरातील छोट्या कारखान्यांत ती जुन्या पद्धतीने तयार होई व फार दिवस टिकत नसे.

आजोबा क्रिस्टन याकोबसेन हे यूटलंडमधून शहरात येऊन या धंद्यात स्थिरावलेले गृहस्थ होते. वडील याकोब क्रिस्चियन याकोबसेन (१८११-१८८७) यांच्याकडे १८३५ साली ब्रोलेगरस्ट्रेडे या गल्लीतील कारखाना आला. विज्ञानाविषयी त्यांना अपार आदर होता. बव्हेरियातील बिअर थंड तळघरात अनेक महिने मुरवली जात असे. ती पद्धत शिकण्यासाठी ते म्यूनिकला गेले आणि १८४५ साली तेथून यीस्ट घेऊन परतले. घोडागाडीच्या त्या लांबलचक प्रवासात प्रत्येक थांब्यावर ते यीस्टच्या भांड्यांवर थंड पाणी ओतत असत, असे सांगितले जाते. आधी त्यांनी शहराच्या तटाखालील तळघरांत बिअर मुरवली. पुढे जागा व स्वच्छ पाणी यांच्या शोधात ते तटाबाहेर वाल्ब्यू येथील टेकडीवर गेले. तेथे १० नोव्हेंबर १८४७ रोजी नव्या कारखान्यात पहिली बिअर तयार झाली. पाच वर्षांच्या मुलाचे नाव 'कार्ल' आणि टेकडी या अर्थाचा शब्द 'बर्ग' यांच्या जोडणीतून कारखान्याचे नाव ठेवण्यात आले. बव्हेरियन धर्तीच्या या बिअरने डॅनिश जीवनात असे घर केले की, बव्हेरियावरून आलेला 'बायर' हा शब्द आजही बोलीत बिअरच्या बाटलीसाठी वापरला जातो.

१८५३ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि साडेचार हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या आपत्तीने शहराचे स्वरूप बदलले. वेशी पाडण्यात आल्या, तटाबाहेर वस्ती करण्यास परवानगी मिळाली आणि डॉक्टरांच्या संघटनेने गरीब कुटुंबांसाठी तटाबाहेर हवेशीर घरे बांधली. कामगारांनी आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवून स्वतःची घरे उभारावीत, यासाठी १८६५ साली कामगार गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिने बांधलेल्या वसाहतींपैकी एक पुढे न्यू कार्ल्सबर्गच्या अगदी शेजारी उभी राहिली. राजाच्या किंवा सरकारच्या तोंडाकडे न पाहता वर्गणी, संस्था आणि देणगी यांच्या बळावर सार्वजनिक कामे उभी करण्याची ही वृत्ती याकोबसेन पितापुत्रांच्या कार्यामागेही आहे. मूर्तिकार बेर्टेल थॉरवाल्डसन यांच्या कलाकृतींसाठी नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले संग्रहालय १८४८ साली खुले झाले, तेव्हा कार्ल सहा वर्षांचे होते. शिल्प हे शहराच्या मालकीचे असू शकते, ही कल्पना त्यांच्या पिढीला अशा रीतीने बालपणीच परिचित झाली होती.

शिक्षण व परदेशातील वर्षे

कार्ल हे आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. आई लॉरा (माहेरच्या होल्स्ट) मृदू स्वभावाच्या होत्या. वडील मात्र शिस्तप्रिय व काटेकोर होते. मुलाने आपला धंदा आपल्याच पद्धतीने पुढे न्यावा, ही त्यांची अपेक्षा होती आणि तिला पर्याय असू शकतो असे त्यांना वाटत नव्हते. तरुण वयात कार्ल यांचे आपल्या मामेबहिणीवर प्रेम जडले. वडिलांना हा संबंध मान्य नव्हता. १८६६ साली कार्ल यांची परदेशी रवानगी झाली. धंद्याचे शिक्षण हा तिचा उघड हेतू होता, पण ही ताटातूटही त्यामागे होती. चार वर्षे ते फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्कॉटलंड येथील कारखान्यांत काम शिकत राहिले. परतताना त्यांच्यापाशी धंद्याचे उत्तम ज्ञान होते, शिवाय युरोपातील संग्रहालये पाहून जडलेली शिल्पकलेची ओढ होती. वडिलांविषयीची अढीही मनात होती. ती पुढे बराच काळ गेली नाही.

एडिंबरामधील वास्तव्यात त्यांचा तेथे स्थायिक झालेल्या डॅनिश धान्यव्यापारी स्टेगमन यांच्या कुटुंबाशी परिचय झाला. त्यांची कन्या ओटिलिया (१८५४-१९०३) हिच्याशी १८७४ साली एडिंबरा येथे त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला आठ अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच दगावली. थिओडोरा, पाउला, हेल्गे आणि व्हॅग्न ही चार मोठी झाली.

पितापुत्रांचा संघर्ष

१८७१ साली वडिलांनी मूळ कारखान्याजवळ बांधलेला दुसरा कारखाना कार्ल यांना भाडेपट्ट्याने दिला. तेथे इंग्लिश धर्तीची बिअर करावी, अशी मूळ कल्पना होती. ती बिअर कोपनहेगनकरांच्या पसंतीस उतरली नाही. तेव्हा कार्ल यांनीही बव्हेरियन पद्धतीची बिअर काढण्यास सुरुवात केली आणि पाहता पाहता त्यांचे उत्पादन वडिलांच्या उत्पादनाची बरोबरी करू लागले.

वादाचे तात्कालिक कारण तांत्रिक होते. बिअर तळघरात किती काळ मुरवावी, हा तो प्रश्न. वडिलांच्या मते पुरेसा काळ न मुरवता बाजारात आणलेली बिअर म्हणजे ग्राहकाची फसवणूक होती. शहर झपाट्याने वाढत होते, कामगारवस्त्यांतून मागणी येत होती आणि मुलाला ती पुरी करायची होती. कमी काळ मुरवलेली बिअर लोक आवडीने पितात, मग अधिक विकण्यात गैर काय, असा कार्ल यांचा विचार होता. वडिलांनी उत्पादनावर मर्यादा घालण्याचा आग्रह धरला, मुलाने तो झुगारला. १८८० च्या सुमारास प्रकरण वकिलांपर्यंत गेले. कार्ल यांनी लगतच्या जमिनीवर स्वतःचा कारखाना उभारला व त्याला 'न्यू कार्ल्सबर्ग' म्हणजे 'नवे कार्ल्सबर्ग' हे नाव दिले. आपण ज्या नावाला प्रतिष्ठा मिळवून दिली ते मुलाने वापरावे, हे वडिलांना सहन होण्यासारखे नव्हते. अखेर १८८२ साली त्यांनी नमते घेतले आणि आपल्या कारखान्याला 'गाम्ले कार्ल्सबर्ग' म्हणजे 'जुने कार्ल्सबर्ग' म्हणवून घेण्याचे मान्य केले.

या काळातील एक गोष्ट कोपनहेगनमध्ये आजही सांगितली जाते. दोन्ही कारखान्यांमधून जाणाऱ्या रस्त्याला एकाने 'अलायन्स मार्ग' म्हणावे आणि दुसऱ्याने लुई पाश्चर यांच्या नावाने 'पाश्चर मार्ग' म्हणावे. दोघेही आपापल्या नावाची पाटी लावत आणि प्रत्येक वेळी पाटी आधीपेक्षा मोठी होत जाई. देशातील दोन सर्वांत श्रीमंत उद्योजक, तेही बापलेक, पाट्यांवरून भांडताना पाहून शहराची चांगलीच करमणूक झाली असणार. घरातील चित्र मात्र करुण होते. आजीआजोबा आणि नातवंडे हाकेच्या अंतरावर राहत असूनही त्यांचे येणेजाणे बंद पडले.

या संघर्षाला सार्वजनिक महत्त्व आहे ते वडिलांच्या मृत्युपत्रामुळे. त्यांनी १८७५ साली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा व १८७६ साली कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापन केले होते. प्रतिष्ठानाचे विश्वस्त नेमण्याचा अधिकार रॉयल डॅनिश विज्ञान अकादमीकडे होता. आता त्यांनी आपला संपूर्ण कारखानाच या प्रतिष्ठानाला देण्याचे ठरवले, म्हणजे मुलाला त्यात काहीही मिळणार नव्हते. याच प्रयोगशाळेत एमिल क्रिस्चियन हान्सन यांनी १८८३ साली यीस्टची एकाच पेशीपासून शुद्ध वाढ करण्याची पद्धत सिद्ध केली. याकोबसेन यांनी ती गुपित न ठेवता सर्व उत्पादकांना खुली केली. सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडलेली पीएच ही मापनपद्धतीही येथलीच. शाळेच्या प्रयोगशाळेत आज लिटमस कागद हाताळणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलेली ही परंपरा काही अंशी एका कौटुंबिक भांडणातून बळकट झाली, असे म्हणावे लागते.

१८८६ साली समेट झाला. पुढच्याच वर्षी वडील इटलीच्या प्रवासास गेले आणि ३० एप्रिल १८८७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. कारखाना ठरल्याप्रमाणे प्रतिष्ठानाकडे गेला. कार्ल यांनी पुढील आयुष्यात वडिलांविरुद्ध कटुता बाळगल्याचे दिसत नाही. उलट पंधरा वर्षांनी त्यांनी स्वतःही नेमके तेच केले.

ग्लिप्टोटेक

वडिलांचे दान विज्ञानाला आणि राष्ट्रीय इतिहासाला होते. १८५९ साली आगीत जळालेल्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्याच्या जीर्णोद्धाराला त्यांनी मोठे साहाय्य केले व १८७८ साली तेथे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय स्थापन केले. कार्ल यांचा ओढा सौंदर्याकडे होता. १८७९ साली त्यांनी 'अल्बर्टिना' नावाचा निधी स्थापन केला. त्याच्या उत्पन्नातून शहरातील बागांत व चौकांत शिल्पे उभारावीत, अशी योजना होती. जुन्या तटाच्या जागी त्याच वर्षी खुल्या झालेल्या अर्स्टेड उद्यानात प्राचीन शिल्पांच्या ब्राँझ प्रतिकृती त्यांच्या देणगीतून बसवण्यात आल्या. खंदकाचे उरलेले पाणी, त्याभोवती फिरायला येणारी कुटुंबे, दाया आणि मुले, आणि मध्येच ग्रीक देव व मल्ल असे ते दृश्य त्या काळी नवेच होते.

स्वतःचा शिल्पसंग्रह त्यांनी आधी वाल्ब्यू येथील राहत्या बंगल्यात मांडला आणि १८८२ साली तो लोकांसाठी खुला केला. संग्रह एवढा वाढत गेला की, बंगल्याला एकामागून एक दालने जोडावी लागली. म्यूनिक येथील ग्लिप्टोथेकवरून त्याला 'ग्लिप्टोटेक' हे नाव मिळाले. १८८८ साली कार्ल व ओटिलिया यांनी आधुनिक शिल्पांचा संग्रह जनतेला अर्पण केला. दानाला अट होती ती अशी की, इमारतीची व्यवस्था सरकारने आणि कोपनहेगन नगरपालिकेने करावी. दान पूर्णपणे फुकट न देता त्यात समाजालाही भार उचलायला लावण्याची ही रीत कार्ल यांनी जाणीवपूर्वक पाळली असे दिसते. ज्या वस्तूसाठी शहर स्वतः काही मोजते, तीच वस्तू शहराला आपली वाटते.

जागेवरून मतभेद झाले. नगरपालिकेने जुन्या तटाच्या पश्चिमेकडील पट्ट्यात, टिव्होली या करमणूक उद्यानाच्या शेजारी जागा दिली. कार्ल यांना ती शहराच्या मध्यापासून दूर वाटली आणि टिव्होलीचा शेजार त्यांना हलक्या अभिरुचीचा वाटला. झोके, बँड, आतषबाजी आणि खाद्यपदार्थांची दुकाने यांच्या पलीकडे संगमरवरी मूर्तींचे मंदिर, ही कल्पनाच त्यांना रुचली नाही. कालांतराने मात्र हा शेजार संग्रहालयाच्या पथ्यावर पडला, असेच म्हटले पाहिजे. व्हिल्हेल्म डालेरुप या वास्तुशिल्पज्ञाने रचलेली इमारत १ मे १८९७ रोजी खुली झाली. १८९९ साली पतिपत्नींनी प्राचीन वस्तूंचा संग्रहही दान केला. त्यासाठी हाक कांपमन यांनी रचलेला दुसरा भाग १९०६ साली पूर्ण झाला.

दोन भागांच्या मध्ये काचेच्या घुमटाखाली ताडाच्या झाडांचे हिवाळी उद्यान आहे. या उद्यानामागे कार्ल यांचे साधे व्यवहारज्ञान होते. डॅनिश माणसाला मूर्तींपेक्षा फुलाझाडांचे अधिक कळते, तेव्हा तो आधी हिरवळ पाहायला येईल आणि मग हळूहळू मूर्तींकडे वळेल, असा त्यांचा हिशेब होता. जेथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, अशा शहरात उबदार, हिरवे व प्रकाशमय दालन ही नागरिकांची मोठीच सोय होती. आजही कित्येक कोपनहेगनकर पुतळे न पाहता केवळ तेथील बाकांवर बसण्यासाठी जातात. त्यांच्यापुरता तो हिशेब अर्धाच जमला, असे म्हणता येईल.

प्राचीन वस्तू मिळवण्यासाठी रोममधील जर्मन पुरातत्त्वज्ञ व्होल्फगांग हेल्बिग यांची त्यांना दीर्घकाळ मदत झाली. रोमन व्यक्तिशिल्पांचा येथील संग्रह इटलीबाहेरील उत्कृष्ट संग्रहांत मोडतो. ऑग्युस्त रोदँ यांच्या शिल्पांचा संग्रहही फ्रान्सबाहेरील मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. 'कॅलेचे नागरिक' या शिल्पसमूहाची एक ब्राँझ प्रत कार्ल यांनी खास मागवली होती. चित्रकलेत मात्र त्यांची रुची जुन्या वळणाची होती. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांविषयी त्यांना आस्था नव्हती. ती उणीव पुढे मुलगा हेल्गे यांनी भरून काढली. येथेही मुलाची आवड वडिलांहून वेगळी निघाली, पण या वेळी पाट्यांचे युद्ध झाले नाही.

कारखाना, चर्च आणि हत्ती

न्यू कार्ल्सबर्गचा परिसर हा कार्ल यांच्या सौंदर्यदृष्टीचा आणखी एक नमुना आहे. बिअरच्या कारखान्याची धुराडीसुद्धा शोभिवंत असावीत, असा त्यांचा आग्रह होता. १९०० साली बांधलेले पीळदार नक्षीचे उंच धुराडे याची साक्ष देते. डालेरुप यांनी रचलेले १९०१ सालचे हत्तीद्वार सर्वांत प्रसिद्ध आहे. बोर्नहोम बेटावरील ग्रॅनाइटमध्ये घडवलेले चार भव्य हत्ती पाठीवर मनोरा तोलून उभे आहेत. त्यांच्यावर हयात असलेल्या चार मुलांच्या नावांची आद्याक्षरे कोरलेली आहेत.

भारतीय पाहुण्याला या हत्तींच्या झुलीवरील स्वस्तिक पाहून आश्चर्य वाटते. युरोपीय पाहुणा तर दचकतोच. या चिन्हाचा नाझी राजवटीशी काहीही संबंध नाही. कार्ल यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभीच स्वस्तिक हे शुभसूचक प्राचीन चिन्ह म्हणून आपल्या कारखान्याच्या मुद्रेत स्वीकारले होते. जर्मनीने डेन्मार्क व्यापले त्या १९४० साली कंपनीने त्याचा वापर थांबवला. दगडातील स्वस्तिके मात्र तशीच ठेवण्यात आली.

वाल्ब्यू येथील येशू चर्च (१८९१) हेही कार्ल व ओटिलिया यांनी बांधवून घेतले. कारखान्याच्या भोवती वाढलेल्या वस्तीला त्याचा उपयोग झाला. तळघरात याकोबसेन कुटुंबाचे समाधिस्थान आहे आणि अकाली गेलेल्या मुलांच्या शवपेटिकाही तेथेच आहेत. कामगारवस्तीच्या मानाने हे चर्च फारच नटवे आहे, अशी टीका झाली असल्यास ती गैर म्हणता येणार नाही. चार मुले गमावलेल्या आईबापांनी ते उभारले, हे लक्षात घेतले की तो नटवेपणा वेगळा दिसू लागतो.

१९०२ साली कार्ल यांनी न्यू कार्ल्सबर्ग हा आपला कारखाना वडिलांनी स्थापन केलेल्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाला देऊन टाकला. त्याच वेळी कलेच्या प्रसारासाठी न्यू कार्ल्सबर्ग निधी स्थापन झाला. हा निधी आजही डेन्मार्कमधील संग्रहालयांना, तसेच शाळा, रुग्णालये व सार्वजनिक जागांना कलाकृती मिळवून देतो. १९०६ साली जुने व नवे कार्ल्सबर्ग एकत्र आले आणि संयुक्त कारखान्याची सूत्रे कार्ल यांच्याकडे आली. ओटिलिया यांचे निधन त्याआधी तीन वर्षे झाले होते.

शिखरांचा वाद

कोपनहेगन हे मनोऱ्यांचे शहर आहे. १७९५ ची आग आणि १८०७ सालची ब्रिटिश तोफांची भडिमार या दोन आघातांत त्यातील काही शिखरे नष्ट झाली. ती पुन्हा उभी राहावीत, ही कार्ल यांच्या उतारवयातील मोठी हौस होती. आगीत जळालेल्या निकोलाय चर्चचा केवळ बोडका मनोरा उरला होता. त्यांच्या देणगीतून १९०९ साली त्यावर नवे शिखर चढले आणि ते बहुतेकांना आवडलेही.

मग त्यांनी कॅथेड्रल असलेल्या फोर फ्रुए चर्चकडे मोर्चा वळवला. १८०७ च्या भडिमारात त्याचे उंच शिखर कोसळले होते. त्यानंतर सी. एफ. हान्सन यांनी अभिजात ग्रीक-रोमन धाटणीत ते पुन्हा बांधले व मनोरा मुद्दाम सपाट ठेवला. या सपाट मनोऱ्यावर टोकदार शिखर बसवण्याचा खर्च आपण देतो, असे कार्ल यांनी १९१० साली जाहीर केले. त्यावर शहरात मोठा वाद पेटला. जुने शिखर परत यावे असे अनेकांना वाटत होते. तरुण वास्तुशिल्पज्ञांना मात्र हान्सन यांची रचना बिघडवणे हा अपराध वाटला. त्यांनी १९११ साली हान्सन यांच्या आराखड्यांचे प्रदर्शन भरवले आणि साधेपणाचे सौंदर्य लोकांना दाखवून दिले. अखेर देणगी नाकारण्यात आली आणि तो मनोरा आजही सपाटच आहे. त्या प्रदर्शनातून डॅनिश वास्तुकलेत अभिजात शैलीचे पुनरुज्जीवन होण्यास चालना मिळाली. म्हणजे कार्ल यांची फसलेली देणगीही शहराच्या वास्तुकलेला काही देऊन गेली. शहराला कलेचे शिक्षण द्यायला निघालेल्या या दात्याला शहर एव्हाना कलेबाबत स्वतःचे मत बाळगू लागले आहे, हे स्वीकारणे जड गेले असावे.

जलपरी

बंदराच्या काठावरील लांगेलिनी हे कोपनहेगनकरांचे रविवारी फिरायला जाण्याचे आवडते ठिकाण. तेथून जवळच १९०८ साली अँडर्स बुंडगार यांचे गेफिऑन कारंजे उभे राहिले. कारखान्याच्या पन्नाशीनिमित्त कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाने शहराला दिलेली ही भेट होती. आपल्या पुत्रांना बैल बनवून नांगराने जमीन उपसणारी व त्यातून शीलँड बेट घडवणारी गेफिऑन देवी हा तिचा विषय आहे.

१९०९ च्या अखेरीस रॉयल थिएटरमध्ये हान्स क्रिस्चियन अँडरसन यांच्या जलपरीच्या कथेवरील नृत्यनाट्य रंगभूमीवर आले. फिनी हेन्रिक्स यांचे संगीत आणि मुख्य भूमिकेतील नर्तिका एलेन प्राइस यांनी कार्ल यांना भारून टाकले. त्यांनी तरुण शिल्पकार एडवर्ड एरिक्सन यांच्याकडे जलपरीचा पुतळा करण्याचे काम सोपवले. प्राइस यांनी नमुना म्हणून विवस्त्र बसण्यास नकार दिला, त्यामुळे शरीरासाठी शिल्पकाराची पत्नी एलिने बसल्या. २३ ऑगस्ट १९१३ रोजी लांगेलिनीच्या किनाऱ्यावरील खडकावर हा पुतळा बसवण्यात आला. त्याची उंची अवघी १.२५ मीटर आहे. दूरदेशाहून आलेल्या प्रवाशांची त्यामुळे बहुधा निराशा होते. पण कार्ल यांनी प्रवाशांचा विचार केला नव्हता. फिरायला येणाऱ्या माणसाला पाण्याच्या काठी अचानक कोणीतरी बसलेले दिसावे, एवढ्यापुरतेच ते शिल्प आहे.

गेल्या शतकात या जलपरीचे डोके दोनदा तोडले गेले, हात कापला गेला, अंगावर अनेकदा रंग ओतला गेला. प्रत्येक वेळी शहराने तिची डागडुजी करून तिला पुन्हा जागेवर बसवले.

मृत्यू व नंतरचा काळ

पुतळ्याच्या स्थापनेनंतर पाच महिन्यांच्या आत, ११ जानेवारी १९१४ रोजी, कार्ल याकोबसेन यांचे निधन झाले. येशू चर्चच्या तळघरात पत्नी व मुलांच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले. त्यांच्या वृद्ध मातुःश्री लॉरा तीनच वर्षांपूर्वी, १९११ साली, निवर्तल्या होत्या. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांचे निवासस्थान यानंतर एखाद्या मान्यवर विद्वानाला सन्मानाने राहण्यासाठी देण्यात येऊ लागले. तत्त्वज्ञ हाराल्ड हफडिंग हे तेथील पहिले रहिवासी. त्यांच्यानंतर १९३२ पासून १९६२ पर्यंत भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तेथे राहिले.

वाल्ब्यूच्या टेकडीवरील मोठ्या प्रमाणातील बिअर उत्पादन २००८ साली थांबले आणि ते यूटलंडमधील फ्रेडेरिसिया येथे हलवण्यात आले. कारखान्याच्या जागी आता घरे, शाळा, दुकाने आणि रेल्वे स्थानक असलेली नवी वस्ती उभी राहिली आहे. जुनी तळघरे, पीळदार धुराडे व हत्तीद्वार जतन करण्यात आले असून पूर्वी जेथून बिअरच्या पिंपांच्या गाड्या जात, त्या हत्तींच्या मधून आता मुले सायकलवरून शाळेला जातात.